बंदरावरची वस्ती, दोन टोळ्या आणि एक बर्फाचा कारखाना

प्रश्न थोडक्यात असा. तिघं मित्र मिळून एक क्राइम गेम करताहेत. कथा आजच्या काळातली, कोकण किनाऱ्यावरच्या एका काल्पनिक बंदरातली. बंदराला लागून मच्छीमारांची गरीब वस्ती, तिच्यावर दोन टोळ्यांचा डोळा, आणि खेळाडू म्हणजे त्याच वस्तीतला एक पोरगा. पत्र्याची घरं झाली, कचरा पसरून झाला, भिंतींवर टोळ्यांच्या खुणा रंगवून झाल्या, नकाशावर लाल आणि निळा इलाखा पाडून झाला. तरी ज्याला खेळायला द्यावं तो म्हणतो, "मुंबईची झोपडपट्टी मस्त जमलीय!" मग वस्ती कोकणातली कशी वाटेल, धोकादायक कशी वाटेल आणि नकाशा किती मोठा ठेवावा, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी गेमच्या लेव्हल डिझाइनमध्ये, म्हणजे खेळाच्या जागा आखण्याच्या कामात, बरीच वर्षं काढली आहेत आणि वाढलो खाडीकाठच्या गावात, त्यामुळे दोन्ही बाजूंनी थोडं सांगू शकतो. हे तीन प्रश्न मला एकच वाटतात: तुमच्या टोळ्या भांडतात कशासाठी? तुम्ही लिहिलंय, "वस्तीच्या ताब्यासाठी." पण शंभर गरीब घरांचा ताबा घेऊन कोणाच्या हाती काय लागतं? याचं उत्तर तुमच्या नकाशात कुठेच नाही. म्हणून वस्ती म्हणजे गोळीबारामागचा नुसता पडदा झालीय, आणि पडदा मुंबईचा काय, कुठलाही चालतो.

आधी ज्या गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत त्या सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला काटछाट करता येईल. पहिली म्हणजे काळ. कथा सत्तर-ऐंशीच्या दशकात नेलीत तर किनाऱ्यावरचा दोन नंबरचा धंदा म्हणजे सोनं, चांदी, घड्याळं, कापड. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला, पाठोपाठ आयातीचे नियम सैल झाले आणि त्या तस्करीतला मलिदा आटत गेला. १९९३ च्या फेब्रुवारीत रायगडमधल्या शेखाडीला स्फोटकं उतरली, मार्चमध्ये ती मुंबईत फुटली, आणि सरकारची किनाऱ्याकडे बघण्याची नजर कायमची बदलली. तुम्ही आजचा काळ धरलाय. मग सोन्याची बिस्किटं विसरा. आज भांडायला आहे डिझेल, खाडीतली वाळू, जमिनीची दलाली आणि मुख्य म्हणजे मासळी. अमली पदार्थ कथेत आणायचे तर तेही खोटं ठरणार नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर चरसाची पाकिटं वाहून आली होती. पण माझं मत विचाराल तर तो मोह टाळा. अमली पदार्थ जवळजवळ प्रत्येक क्राइम गेममध्ये आहेत. मासळीच्या बर्फावरून भांडण मी तरी कुठल्या गेममध्ये पाहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट, किनाऱ्याचा नेमका कुठला तुकडा? हर्णैकडे कोळी, गुहागर-राजापूर पट्ट्यात खारवी, रत्नागिरीच्या आसपास दालदी मुसलमान, देवगड-मालवण-वेंगुर्ल्याला गाबीत, आणि जागोजागी भंडारी. बोलीसुद्धा त्याप्रमाणे बदलते. रत्नागिरीच्या बंदरात अस्सल मालवणी बोलणारा तांडेल (बोटीचा म्होरक्या) दाखवलात तर कोकणातला खेळाडू पहिल्या मिनिटाला हसेल. बंदर काल्पनिक असू दे, पण ते कुठल्या दोन खऱ्या खाड्यांच्या मध्ये आहे हे तिघांनी बसून ठरवा आणि मग ढळू नका.

तिसरी गोष्ट म्हणजे खेळाडू गाडीवर असतो की पायी. तुमची टीम तिघांची आहे, म्हणून पायी आणि होडीत असं धरून पुढे लिहितो.

आता तुम्ही जिथून लाल-निळा इलाखा उचललात तिथे जाऊ. २००४ च्या जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) सॅन अँड्रियास या गेममध्ये गँटन नावाचा भाग आहे, लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनवर बेतलेला. त्यातली ग्रोव्ह स्ट्रीट म्हणजे नायकाचं घर. कथेचं साल १९९२. हिरव्या कपड्यांतली आपली माणसं, जांभळ्यातले बॅलाज, पिवळ्यातले व्हागोज. शत्रूच्या भागात त्यांची माणसं मारली की लढाई पेटते, तीन लाटा परतवल्या की नकाशाचा तो तुकडा हिरवा होतो, आणि जितके तुकडे तितके पैसे घरासमोर साचतात. यंत्रणा साधी आहे आणि वीस वर्षांनीही लोकांच्या लक्षात आहे. कारण तिच्याखाली खरी जमीन होती. तिथल्या टोळ्या खरोखरच रस्त्यांच्या नावाने ओळखल्या जायच्या, रंग खरोखरच घातले जायचे, चुकीच्या गल्लीत चुकीचा रुमाल जिवावर बेतायचा. नियम त्या जागेतूनच आला होता.

कोकणातल्या बंदरात रंगांच्या टोळ्या नाहीत. इथे सत्ता असते ती उधारीत, नात्यात आणि धक्क्यावर कोणाची बोट आधी लागते यात. म्हणून त्या गेमचा रंग उचलू नका, पद्धत उचला: आपल्या जागेत सत्ता कशी दिसते ते बघायचं आणि त्याचा नियम करायचा.

आणखी दोन गेममधलं एकेकच घेतो. २०१३ च्या जीटीएच्या पाचव्या भागात तीच ग्रोव्ह स्ट्रीट पुन्हा आहे, पण आता तिथे बॅलाज उभे असतात आणि इलाखा जिंकायची सोयच नाही. ज्याने आधीचा भाग खेळलाय त्याला ती गल्ली बघून पोटात कालवतं, एक शब्द न बोलता. वस्ती हातातून गेली हे दाखवायला लढाई लागतेच असं नाही. दुसरं उदाहरण २०१६ च्या माफिया ३ चं. १९६८ सालचं न्यू बोर्डो, न्यू ऑर्लीन्सवर बेतलेलं शहर, नायक कृष्णवर्णीय. तिथे श्रीमंत गोऱ्यांच्या भागात गुन्हा केला की पोलीस झटकन हजर. गरीब काळ्यांच्या वस्तीत केला तर रमतगमत येतात. पोलीस यायला किती वेळ लागतो, एवढ्या एका आकड्यात सगळी समाजव्यवस्था सांगून टाकली. गरिबी दाखवायला कचऱ्याचे ढीग मॉडेल करत बसण्यापेक्षा मला ही युक्ती शतपट आवडते.

आता बंदर. तुमच्या वस्तीत पैसा कसा फिरतो ते एका बोटीच्या फेरीवर बघा. बोट समुद्रात जायची तर आधी डिझेल लागतं, बर्फ लागतो, पाणी आणि खलाशांचा शिधा लागतो. रोख पैसे नसतील तर हे सगळं उधारीवर भरलं जातं. उधार देणारा व्यापारी सांगतो, मासळी आली की माझ्याकडेच घालायची, माझ्या भावाने. हंगामाच्या तोंडावर खलाशाने मालकाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत तो दुसऱ्याच्या बोटीवर जाऊ शकत नाही. बोट परत आली की धक्क्यावर जागा हवी. बर्फ वितळतोय, लिलाव सुरू झालाय, आणि पुढे तीन बोटी उभ्या आहेत. ज्याची बोट अर्धा तास उशिरा लागली त्याचा भाव पडला. लिलावात माल घेणाऱ्या बायका पाट्या भरून बाजाराला निघतात, त्यांचीही बसायची जागा ठरलेली असते आणि त्या जागेचं कोणीतरी काहीतरी घेतो.

यातली मोक्याची ठिकाणं मोजा: धक्का, बर्फाचा कारखाना, डिझेल, लिलावाची जागा आणि उधारीची वही. वस्तीचा ताबा म्हणजे या पाचांचा ताबा. घरं कोणालाच नकोत. ज्याच्या हातात बर्फ आहे त्याला वस्तीत एकही माणूस उभा करावा लागत नाही. सगळे संध्याकाळी आपणहून त्याच्या दारात येतात. तुमच्या एका टोळीकडे बर्फ आणि वही द्या, दुसरीकडे डिझेल आणि धक्का. लिलावाची जागा मधे, कोणाचीच पक्की नाही. बघा, भांडण लिहायला बसायची गरजच उरत नाही.

हवं तर याला समुद्रावरचं खरं भांडणही जोडता येईल. पर्ससीनच्या (मासळीच्या थव्याला गोल वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या) मोठ्या बोटी आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यात कित्येक वर्षं वैर आहे. २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर कडक बंधनं घातली, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिवे लावून मासे धरण्यावर बंदी आणली, तरी रात्री क्षितिजावर दिवे दिसतात म्हणून तक्रारी थांबलेल्या नाहीत. रात्री पाण्यात उजेड दिसणं आणि किनाऱ्यावरच्या माणसांनी तो मुकाट बघत उभं राहणं, याहून चांगली मिशनची सुरुवात मला सुचत नाही. फक्त एक पथ्य: हे लोकांच्या पोटाचं भांडण आहे. एक बाजू देव आणि दुसरी राक्षस असं केलंत तर गेम खोटा पडेल. पर्ससीनच्या बोटीवर तीस-तीस खलाशी असतात आणि त्यांनाही घर आहे.

नकाशावर हे कसं दाखवायचं? तुकडे रंगवू नका. प्रत्येक घराला आणि प्रत्येक बोटीला तीन धागे द्या: कर्ज कोणाचं, नातं कोणाशी, भीती कोणाची. हे तीन एकाच टोळीकडे जात असतील तर ते घर पक्कं. कर्ज एकाचं आणि नातं दुसऱ्याशी असेल तर ते घर डळमळीत, आणि तुमची सगळी मिशनं अशाच घरांत घडतील. खेळाडू एखाद्याची उचल फेडू शकतो, एखाद्याच्या बहिणीच्या लग्नाला उभा राहू शकतो, एखाद्याची जाळी कापू शकतो. प्रत्येक कृतीने एखादा धागा सुटतो किंवा बांधला जातो. प्रोग्रामिंगच्या दृष्टीने हे इलाख्याच्या लढाईपेक्षा स्वस्त आहे. प्रत्येक घरामागे तीन नोंदी, संपलं.

खेळाडूला मात्र नोंदी दिसता कामा नयेत, खुणा दिसल्या पाहिजेत. इथे महाराष्ट्राने तुमच्यासाठी एक तयार वस्तू ठेवलीय: वाढदिवसाचा फ्लेक्स. भिंतींवर खुणा रंगवणं आपल्याकडचं नाही, ते काढून टाका. बंदराच्या नाक्यावर फ्लेक्स लावा. मधोमध गॉगल घातलेला भाऊ, वर नेत्यांचे गोल फोटो, खाली "शुभेच्छुक" म्हणून पंचवीस पोरांचे चेहरे. ती खालची रांग म्हणजे टोळीची हजेरी. मिशन झालं की दुसऱ्या दिवशी फ्लेक्स बदललेला असू दे. काल एका टोळीच्या रांगेत असलेला पोरगा आज दुसरीच्या फ्लेक्सवर. खेळाडू थांबून चेहरे वाचायला लागला की समजा वस्ती जिवंत झाली. क्रिकेटच्या चषकाचा प्रायोजक कोण, गणपतीच्या मंडपावर नाव कोणाचं, मासळीचे क्रेट कुठल्या रंगाचे, हेही याच कामाला येईल. पण फ्लेक्स पहिला.

आता दिसण्याकडे येतो. तुम्ही पाठवलेल्या वर्णनात सगळीकडे पत्रा आणि सगळीकडे दाटी आहे. मुंबईची आठवण होते ती त्यामुळे. कोकणातली गरिबी वेगळी दिसते. घर जांभ्या चिऱ्याचं असतं, अर्ध्याच भिंतीला गिलावा. वर कौलं, पडवीला सिमेंटचा पत्रा, आणि पावसाच्या बाजूला झापं (विणलेल्या माडाच्या झावळ्या) किंवा निळं ताडपत्रीचं पाखं. शेजारी आखातात गेलेल्या भावाचं दुमजली घर: रंग नवा, दाराला कुलूप, गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळ्या गंजलेल्या. पलीकडे मुंबईकर चाकरमान्याचं घर, गणपती आणि शिमगा सोडला तर बंद. म्हणजे गरीब आणि श्रीमंत इथे दोन भागांत वाटलेले नाहीत, एकाच गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) दोन बाजूंना आहेत. खेळाडूला लपायला ही बंद घरं मिळतात आणि टोळीला माल ठेवायलाही. रिकामी घरं हा कोकणाचा असा दागिना आहे की तो तुम्ही वापरला नाहीत तर मला वाईट वाटेल.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात कित्येक वाड्यांवर टँकर येतो. जांभ्यातून पाणी झिरपून जातं, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, थांबत नाही. गरिबी दाखवायला मे महिन्यातली विहिरीवरची रांग पुरे. आणि टँकर कोणाच्या मालकीचा, हा सहावा मोक्याचा मुद्दा, हवा असेल तर.

रचना उभी ठेवा. खाली पुळण (वाळूचा किनारा) आणि धक्का, त्याच्यावर दुकानांचा एकुलता एक रस्ता, मग घरांमधून चढत जाणारी दगडी पायऱ्यांची वाट, म्हणजे पाखाडी, माथ्यावर उघडाबोडका सडा. वस्तीच्या एका टोकाला पऱ्या (ओढा) आणि त्यावर साकव (छोटा पूल), दुसऱ्या टोकाला खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीतली, कांदळवनं. लेव्हल डिझायनरला याहून काय हवं? पाखाडी म्हणजे अरुंद, उंच, दोन्ही बाजूंनी घरांच्या पडव्या. पळणारा माणूस चार बायकांच्या डोळ्यांसमोरून जातोच. साकव अडवला की अर्धी वस्ती तुटते. सड्यावर सगळं बंदर दिसतं पण आडोसा नाही. पावसात जांभा शेवाळतो आणि पाखाडीवर धावता येत नाही; चालण्याचा वेग ऋतूप्रमाणे बदलला तर खेळाडू पावसाळ्यात रस्तेच वेगळे निवडेल.

ऋतूवरून मुख्य मुद्द्याला येतो, तो म्हणजे घड्याळ. दिवस-रात्र सगळ्याच गेममध्ये असतात. तुमच्याकडे भरती-ओहोटी आहे. खाडीची मुखं गाळाने भरलेली; ओहोटीला मोठी बोट आत येऊ शकत नाही, तिला बाहेर थांबावं लागतं. म्हणजे पाठलाग खाडीत शिरला तर तो यशस्वी होईल की नाही हे भरती ठरवणार. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. कोकणातले जुने लोक तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. तुमच्या कोडमध्ये ही एक ओळ आहे. खेळाडूच्या घरात भिंतीवर तिथ्यांचं कॅलेंडर टांगा आणि हा हिशेब त्याला आजीकडून एकदा ऐकू दे. उधाणाच्या रात्री पुळणच नाहीशी होते आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत पाणी धड चढतही नाही, हे त्याचं त्याला कळेल.

वर्षाचं चक्रही असंच वापरा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. बोटी किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या, नेपाळी खलाशी गावी गेलेले, वस्तीत पैसा नाही, शाळा सुरू झाल्यामुळे वह्या-पुस्तकांचा खर्च मात्र आहे. वही भरते ती याच दोन महिन्यांत. टोळीला पोरं मिळतात तीही याच दोन महिन्यांत. म्हणून कथेची सुरुवात जूनमध्ये करा. सुरुवातीला बंदर मेल्यासारखं. शाकारलेल्या बोटींच्या रांगा म्हणजे धक्क्यावर आपोआप झालेला भूलभुलैया, शिकवणीच्या मिशनांना उत्तम. मग ऑगस्टमध्ये बंदी उठते, नारळी पौर्णिमा होते, आणि तोच धक्का रात्रभर दिव्यांनी पेटलेला. जागा एक, लेव्हल दोन. तिघांच्या टीमला ही काटकसर परवडण्यासारखी आहे.

बर्फाच्या कारखान्यावर दोन शब्द जास्त, कारण माझा जीव त्याच्यावर आहे. अमोनियाचा नाकात झोंबणारा वास, गारठ्याने पांढरे पडलेले पाइप, जमिनीवर सतत पाणी, कॉम्प्रेसरची घरघर. लाद्या सरकत येतात, यंत्रात चुरा होतो, चुऱ्याच्या आवाजात दोन माणसांना बोलायचं तर कानाला लागावं लागतं. म्हणजे कानगोष्टीचं मिशन इथेच. कारखान्यात बंदूक चालवली आणि अमोनियाची नळी फुटली तर सगळी वस्ती घर सोडून सड्यावर पळणार, दोन्ही टोळ्यांसकट. खेळाडूला हे आधी कळलं की तो तिथे बंदूक काढायला दहा वेळा विचार करेल. तुम्ही विचारलं होतंत ना, वस्ती धोकादायक कशी वाटेल? खेळाडूला गोळी लागण्याची भीती फार काळ टिकत नाही, कारण तो मेला तरी पुन्हा उठतो. आपल्यामुळे वस्तीचं काहीतरी कायमचं बिघडेल ही भीती टिकते.

आणि दुसरी भीती म्हणजे ओळख. बंदरात अनोळखी कोणी नसतो. मालवणी मुलखात चौकशी "कोणाचो रे तू?" अशी होते, तुमच्या किनाऱ्याच्या बोलीत ती जशी होत असेल तशी घ्या. गुन्हा वाढला की पडद्यावर वाढत जाणारे पोलिसांचे पाच तारे इथे निरर्थक आहेत. त्याऐवजी ओळखीचा हिशेब ठेवा: कोणी बघितलं, तो कोणाचा, आणि तो घरी जाऊन कोणाला सांगेल. गुन्हा केल्यावर खेळाडूच्या मागे जीप लागण्याऐवजी संध्याकाळी त्याच्या घरी काका येऊन बसलेला असतो आणि आई गप्प असते. दुसऱ्या दिवशी बर्फवाला म्हणतो, आज लादी नाही. पोलीस असतातच, पण तालुक्याहून येणारा रस्ता एकच, वळणावळणाचा. जीप निघाली की फोन आधी पोहोचतो. माफियातली पोलीस पोहोचण्याच्या वेळेची युक्ती इथे अशी उतरते. शिवाय २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर सागरी सुरक्षेवर जोर आला आणि किनाऱ्यावर वर्दीही एकाच प्रकारची राहिलेली नाही: जिल्हा पोलीस, सागरी पोलीस, सीमाशुल्क, मत्स्यव्यवसाय खातं, तटरक्षक दल. प्रत्येकाची नजर वेगळ्या गुन्ह्यावर. मत्स्यव्यवसायचा अधिकारी आधी जाळं आणि परवाना बघेल. चलाख खेळाडू एकाला दुसऱ्याच्या विरुद्ध वापरायला शिकेल.

एका बाबतीत मी कडक बोलणार आहे. टोळी म्हणजे जात किंवा धर्म असं कुठेही होऊ देऊ नका. बंदरावर हिंदू-मुसलमान एकाच धक्क्यावर, पुष्कळदा एकाच बोटीवर राबतात. दोन्ही टोळ्यांत सगळ्या आडनावांची माणसं टाका. वस्तुस्थितीला धरूनही तेच आहे. देऊळ, दर्गा, उरूस, पालखी जरूर दाखवा, पण सजावट म्हणून कुठलंही धार्मिक वचन किंवा चित्र न वाचता चिकटवू नका. कॉल ऑफ ड्यूटीच्या मॉडर्न वॉरफेअर २ मध्ये रिओच्या गरीब वस्तीचा नकाशा होता; त्यातल्या न्हाणीघरातल्या एका चौकटीवर अल्लाहबद्दलचं अरबी वचन निघालं आणि २०१२ मध्ये आक्षेप आल्यावर तो नकाशा काढून घ्यावा लागला. त्यांच्याकडे शेकडो माणसं होती तरी कोणाच्या नजरेत आलं नव्हतं. तसंच खऱ्या बोटींचे फोटो टेक्श्चर म्हणून (गेममधल्या वस्तूंवर चढवायला) वापराल तर नाव आणि नोंदणी क्रमांक पुसून टाका. एखाद्या भल्या माणसाची बोट तुमच्या गेममध्ये डिझेलचोराची व्हायला नको.

नकाशाचा आकार राहिला. लहान ठेवा, तुम्हाला वाटतो त्याहूनही लहान. जपानी याकुझा मालिका २००५ पासून टोकियोच्या काबुकिचोवर बेतलेला कामुरोचो नावाचा एक छोटा मोहल्ला पुन्हा पुन्हा वापरते आणि लोकांना तो पाठ झालाय. कामातला माझा अनुभवही असाच आहे: वीस गल्ल्या बांधल्या तरी चाचणी खेळणाऱ्यांना तीन-चार जागाच आठवतात, ज्या जागी त्यांना काहीतरी ठरवावं लागलं त्या. धक्क्यापासून सड्यापर्यंत पायी पाच मिनिटं आणि साकवापासून कांदळवनापर्यंत पाच मिनिटं, एवढं बंदर तुम्हाला पुरून उरेल. बाकी समुद्र आहेच, आणि समुद्राला मॉडेल लागत नाहीत.

सुरुवात कशी करायची तेवढं सांगतो. सगळं चित्रकाम थांबवा. राखाडी ठोकळ्यांत फक्त धक्का, बर्फाचा कारखाना, लिलावाची जागा आणि एक पाखाडी उभी करा. आठ-दहा माणसं ठेवा, त्यांना धागे द्या. खेळाडूला बंदूक देऊ नका, एक काम द्या: मामाच्या बोटीसाठी चार लाद्या बर्फ आणायचा, भरती लागायच्या आत. मामाची उधारी एका टोळीकडे, खेळाडूच्या आईचं माहेर दुसऱ्या टोळीच्या घरात. एवढ्यावर अर्ध्या तासाचा खेळ होतो का बघा. खेळून झाल्यावर खेळणाऱ्यासमोर कोरा कागद ठेवा आणि विचारा, बर्फवाला कोणाच्या बाजूचा आणि का. त्याला सांगता आलं तर चित्रकाराला पुन्हा कामाला लावा आणि बंदुकाही घाला. नाही आलं, तर ती आठ-दहा माणसं परत लिहायला घ्या. दिवाळीनंतर बंदरं गजबजलेली असतात, तेव्हा दोन दिवस एखाद्या धक्क्यावर पहाटे चारला जाऊन नुसते उभे राहा. कोणी "कोणाचे रे तुम्ही?" विचारलं तर खरं सांगा, चहा मिळेल.